पोळ्यातलं मेण

उमरखेडजवळच्या पैनगंगा अभयारण्याच्या रानातल्या आग्या मोहोळाच्या मधाला गिऱ्हाईक लगेच मिळतं. पिळलेल्या पोळ्याकडे कोण बघतो? ते पाण्यात मंद आचेवर वितळवून सुती फडक्यातून गाळा. निवल्यावर पिवळी वडी वर तरंगते. हे मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं. मेणबत्तीचा जुना पत्र्याचा साचा हाती लागला तर जपा. आत सुती वात मधोमध ताणा, साचा कोमट करा, मगच मेण ओता. गार साच्यात मेणबत्तीवर आडवे वळ उठतात. सुटेना तर साचा क्षणभर गरम पाण्यात धरा. आचेवर मुळीच नको, जुना डाक सुटतो. बाजारातली पांढरी मेणबत्ती बहुधा खनिज तेलापासूनच्या पॅराफिनची असते. उमरखेडकरांनो, मध घेताना पोळंही मागून घ्या.