बाई वेगळी, विहीर वेगळी?



निवडणूक जवळ आली की आमच्या कडाव परिसरात दोन गोष्टींना ऊत येतो. एक म्हणजे हळदीकुंकू, आणि दुसरी म्हणजे रोप लावताना काढलेले फोटो. उमेदवाराला बायकांची आणि पर्यावरणाची काळजी आहे, हे त्यातून सांगायचं असतं. गेल्या निवडणुकीत आम्ही ठरवलं की हे फोटोवर सोडायचं नाही. ग्रामपंचायतीला उभ्या असलेल्या एका ताईंना आम्ही बैठकीला बोलावलं. ‘भाषण नको, धोरण सांगा,’ असं आधीच कळवलं होतं.

ताई तयारीनिशी आल्या. एकट्या आल्या आणि स्वतः बोलल्या, हेही नोंदवायला हवं. त्यांच्या पत्रकात दोन मथळे होते. ‘महिला’ या मथळ्याखाली शिलाई मशीन, बचत गट, दारूबंदी. ‘पर्यावरण’ या मथळ्याखाली वृक्षलागवड, प्लास्टिकबंदी, गाव स्वच्छ. त्यात वाईट काहीच नव्हतं. बायकांनी मान डोलावली.

मग मागे बसलेली वाडीवरची एक ठाकूर मावशी म्हणाली, “झाडं लावाल ते बरं, ताई. पण वरच्या फार्महाऊसची बोअर झाली तेव्हापासून आमची विहीर चैतातच तळाला जाते. ते तुम्ही कशात धरलं? बायांच्यात की झाडांच्यात?”

ताई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मावशी, विहिरीचं खरं आहे. पण त्याच फार्महाऊसवर तुमच्याच वाडीच्या बाया कामाला जातात. उद्या मालकाने त्यांना बंद केलं, तर त्यांचा रोज कोण देणार?”

मला हे उत्तर टाळाटाळीचं वाटलं नाही. पत्रकात नव्हता तो खरा प्रश्न त्यात होता. पाणी आणि मजुरी यांपैकी एकच निवडायची पाळी बाईवर येते, आणि त्या निवडीला आपण विकास म्हणतो.

आपल्या तालुक्यात पाणी नाही असं नाही. घाटावरच्या ठोकरवाडी धरणाचं पाणी भिवपुरीच्या टाटा वीजकेंद्रात वीज तयार करून पेज नदीत उतरतं. त्यावर राजनाला चालतो, खाली उन्हाळी भात पिकतो. आणि डोंगरकडेच्या वाड्यांमधल्या बायका त्याच वैशाखात हंडे घेऊन उतरतात. प्रश्न पाण्याचा आहे, तसाच ते कोणाच्या हाती आहे याचाही आहे. मग त्याला ‘पर्यावरण’ म्हणून बाजूला कसं काढता येईल?

इथे स्वतःची चूकही सांगते. त्या रात्री मी आमच्या संघटनेचा मागण्यांचा कागद काढून पाहिला. त्यातही तेच दोन मथळे होते. समाजकार्याच्या पदव्युत्तर अभ्यासात आम्ही विषय असेच वेगळे शिकलो, आणि कामातही तसेच वेगळे ठेवले. उमेदवाराला दोष देण्याआधी हे कबूल करायला हवं.

केनियात वांगारी माथाई यांनी १९७७ मध्ये ‘ग्रीन बेल्ट’ चळवळ सुरू केली ती खेड्यातल्या बायकांच्या गाऱ्हाण्यांवरून. सरपण लांब गेलं होतं, ओढे आटत होते. त्यांनी झाडं लावली, पण जमीन कोण बळकावतं हेही विचारलं. १९९७ च्या निवडणुकीत त्या हरल्या, २००२ मध्ये संसदेत निवडून गेल्या आणि २००४ मध्ये त्यांना शांततेचं नोबेल मिळालं. पत्रकातली वृक्षलागवड आणि ही वृक्षलागवड यांतला फरक आपण ओळखायला हवा.

मग उमेदवाराला काय विचारायचं? तिच्या हातात जे आहे तेवढंच, पण नेमकं.

ग्रामपंचायतीच्या उत्पन्नातला दहा टक्के निधी महिला-बालकल्याणासाठी असतो. तो कशावर खर्च करायचा, हे बायकांना विचारून ठरणार का? ग्रामसभेआधी महिलांची ग्रामसभा भरायची असते. ती खरंच भरणार, की घरोघर वही फिरवून सह्या घेतल्या जाणार?

पिण्याच्या सार्वजनिक पाणवठ्यापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खोदायला १९९३ च्या भूजल कायद्याने बंदी घातली. २००९ च्या कायद्यानेही या पाणवठ्यांना संरक्षण दिलं. वाडीच्या विहिरीजवळ बोअरचं मशीन आलं, तर पंचायत तक्रार करणार का?

आपला तालुका अनुसूचित क्षेत्रात नाही, त्यामुळे इथे पेसा लागू नाही. पण २००६ चा वनहक्क कायदा आहे. त्यात जमिनीचा हक्क पती-पत्नी दोघांच्या नावे द्यायचा असतो, आणि वनहक्क समितीत किमान एक तृतीयांश बायका असाव्या लागतात. उमेदवाराला हे माहीत आहे का?

आणि मजुरी? हा प्रश्न सर्वांत अवघड. रोजगार हमीची कामं वेळेवर मागितली आणि मिळाली, तर फार्महाऊसच्या मालकाच्या मर्जीवरचं अवलंबित्व थोडं तरी कमी होतं. त्या मागणीसाठी सदस्य बाई आपल्यासोबत तहसील कार्यालयात येणार का?

बैठक संपताना ताईंनी वही मागितली. ‘वाडीची विहीर पहिल्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेवर घेईन,’ असं लिहून सही केली. आम्ही टाळ्या वाजवल्या नाहीत. मावशी एवढंच म्हणाली, “सभेला आम्ही येऊ.”

मला वाटतं, यातलं महत्त्वाचं वाक्य मावशीचं आहे. १९९३ मध्ये त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने बायकांना पंचायतीत एक तृतीयांश जागा दिल्या, २०११ पासून महाराष्ट्रात त्या निम्म्या झाल्या. खुर्चीवर बाई बसली. आता तिच्या समोरच्या सतरंजीवरही बायका बसल्या पाहिजेत. त्या नसतील, तर खुर्चीवरची बाई गावच्या पुढाऱ्यांच्या आणि मालकांच्या दबावापुढे एकटीच पडते, आणि मग आपणच म्हणतो की बाईला कारभार जमत नाही.

मत कोणाला द्यायचं, हे आम्ही सांगणार नाही. पण पत्रकावर दोन वेगळे मथळे दिसले, तर मावशीचा प्रश्न जरूर विचारा. तुमच्या गावात काय उत्तर मिळालं, ते आम्हाला लिहून कळवा. पुढच्या अंकात त्यासाठी जागा ठेवतो आहोत.