कॅल्शियमच्या बाटलीतल्या गोळ्या

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. मैत्रिणीच्या लेकीचं लग्न चार दिवसांवर आलं होतं आणि आम्ही दोघी-तिघी बॅगा भरायला बसलो होतो. साड्या झाल्या, दागिन्यांचा डबा झाला. मग मैत्रिणीने दार लोटून घेतलं आणि पाकिटातली एकेक गोळी काढून कॅल्शियमच्या रिकाम्या बाटलीत भरायला लागली. ‘कुणी विचारलंच तर कॅल्शियम म्हणायचं,’ असं लेकीला बजावणंही चालू होतं. लेक एमकॉम, बँकेत नोकरीला. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी तिला बायपोलरचा आजार असल्याचं निदान झालं, औषधं सुरू झाली आणि त्यानंतर पाच वर्षं ती उत्तम होती. लग्न ठरवताना पत्रिका पाहिली, गुण जुळवले, रक्तगटसुद्धा विचारून झाले. ही एक गोष्ट त्यांनी विचारली नाही आणि यांनी सांगितली नाही. मीही गप्प बसले, हे कबूल करायला हवं.

लग्नानंतर पंधराव्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, माझेही गुडघे धरलेत, दे बरं मला त्यातल्या दोन.’ पोरगी घाबरली. त्या रात्री बाटली कचऱ्यात गेली. दोन महिन्यांत तिची झोप उडाली. रात्र रात्र बडबड, वारेमाप खरेदी, भांडणं. मग माहेरी रवानगी आणि पाठोपाठ वकिलाची नोटीस. ‘मुलगी वेडी आहे, फसवून लग्न लावलं.’ पुरावा काय, तर डॉक्टरांच्या जुन्या चिठ्ठीची झेरॉक्स.

म्हणजे बघा, गोळ्या चालू होत्या तोवर ती बरी होती. बंद केल्या म्हणून बिघडली. आणि वेडी असल्याचा पुरावा मात्र गोळ्यांचाच!

आपल्याकडे हे जिभेवरच बसलंय. पुण्यात कुणी जरा विचित्र वागलं की ‘येरवड्याला पाठवा’, मुंबईत ‘ठाण्याला न्या’. सासऱ्यांच्या बीपीच्या गोळ्या डायनिंग टेबलावर असतात, सुनेच्या गोळ्या साडीच्या घडीत. त्यातही मुलगा-मुलगी भेद आहेच. मुलाला असा त्रास असला की ‘लग्न करून द्या, सुधारेल’ म्हणतात आणि येणाऱ्या मुलीला मात्र काही सांगत नाहीत.

कायदा काय म्हणतो? १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात मानसिक आजाराचा उल्लेख आहे, पण नुसता आजार असणं घटस्फोटाला पुरत नाही. तो अशा प्रकारचा आणि इतक्या प्रमाणात असावा लागतो की, जोडीदाराने एकत्र राहावं अशी अपेक्षाच रास्त ठरू नये. नुसतं आजाराचं नाव लावून भागणार नाही, प्रमाण सिद्ध करा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ मध्येच सांगितलं. २०१३ मध्ये एका डॉक्टर नवऱ्याने डॉक्टर बायकोला स्किझोफ्रेनिया असल्याचं सांगून घटस्फोट मागितला, तोही न्यायालयाने नाकारला. ती बाई नोकरी करत होती, रुग्ण तपासत होती! याच कायद्यात फिट्स येणाऱ्यांनाही लग्नाला अपात्र मानलं होतं. ते कलमातून गेलं १९९९ मध्ये. पुढे २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा आला, २०१८ पासून लागू झाला. मानसिक आजाराचं निदान झालं एवढ्यावरून कुणी ‘विकल मनाचा’ ठरत नाही, हे त्यात स्पष्ट लिहिलंय. उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्कही दिलाय.

पण लग्नाच्या बाबतीत या हक्काला दुसरी बाजू आहे. महत्त्वाची गोष्ट फसवून लपवली म्हणून लग्न रद्द करून मागता येतं. म्हणजे सांगावं तर स्थळ जातं, लपवावं तर कोर्टाची टांगती तलवार.

आणि लपवण्याचा सगळ्यात मोठा धोका कोर्टात नाहीच, तो मुलीच्या शरीरात आहे. या आजारावरची काही औषधं, उदाहरणार्थ व्हॅल्प्रोएट, गर्भाला घातक ठरू शकतात. म्हणून दिवस राहण्याआधीच डॉक्टरांशी बोलून औषध बदलावं लागतं. लिथियम असेल तर ठरावीक काळाने रक्त तपासावं लागतं. बाळंतपणानंतरचे आठवडे तर फारच जपण्याचे, कारण तेव्हा आजार उलटण्याची भीती जास्त. ज्या घरात गोळी कॅल्शियमच्या बाटलीत आहे, तिथे हे सगळं कोण आणि कधी विचारणार? घाबरून मनानेच औषध बंद केलं तर तोही जुगारच.

औषधांचा त्रास होत नाही, असं मी म्हणणार नाही. वजन वाढतं, हात थरथरतात, सकाळी डोळे उघडत नाहीत. सुनेने सात वाजता उठावं अशी अपेक्षा असलेल्या घरात त्यालाच ‘आळशी’ म्हणतात.

बरं, ही चार-दोन घरांची गोष्ट असावी, तर तसंही नाही. निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला मानसिक आजार आढळला आणि बहुतेक आजारांत सत्तर टक्क्यांहून अधिक लोकांना उपचारच मिळत नव्हते. विम्यातही मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच वागवा, असं कायदा म्हणतो. पण आपल्या बहुतेक पॉलिसी दवाखान्यात भरती झाल्यावरच पैसे देतात. महिन्याच्या गोळ्यांचा खर्च घरखर्चातूनच. अन् तोही चोरून.

मैत्रिणीच्या लेकीने कोर्टात लढायचं ठरवलं असतं तर वर सांगितलेलं बरंचसं तिच्या बाजूने मांडता आलं असतं. पण तारखांना उभं राहायची कुणातच ताकद नव्हती. परस्पर संमतीने घटस्फोट झाला. आता औषध पुन्हा नियमित आहे, बँकेतही ती जाते. गोळ्या चहा-साखरेच्या डब्याशेजारी असतात, वडिलांच्या गोळ्यांबरोबर.

मध्यंतरी एक स्थळ आलं. या वेळी मैत्रिणीने पहिल्याच फोनवर सगळं सांगून टाकलं. पलीकडची बाई जरा थांबली, म्हणाली, ‘घरात बोलून कळवते.’ अजून फोन आलेला नाही.