ज्ञानावरील मक्तेदारी

‘रिसर्चगेट’सारख्या संकेतस्थळांकडे संशोधक वळतात ते केवळ प्रसिद्धीच्या हव्यासाने, हा आक्षेप वरवरचा आहे. (बढती जेथे संदर्भसंख्येवर ठरते, तेथे नाव दिसत राहणे ही गरजच होय.) जनतेच्या पैशातून संशोधन व्हावे, संशोधकांनीच ते विनामोबदला तपासावे, आणि वाचण्यासाठी मात्र प्रकाशकांना जबर वर्गणी मोजावी! ती न परवडणाऱ्या महाविद्यालयातील अध्यापक लेखकाकडेच प्रत मागतो. या देवाणघेवाणीविरुद्ध २०१७ साली एल्सव्हियरने जर्मनीत दावा लावला. २०२४ साली केंद्र सरकारने ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’साठी तीन वर्षांकरिता ६,००० कोटी रुपये मंजूर केले, तेही सरकारी संस्थांपुरते, मक्तेदारांची वसुली जनतेच्या तिजोरीतून चालूच. अर्थात, बर्लिनच्या रिसर्चगेटमध्येही बिल गेट्स व गोल्डमन सॅक्स यांनी भांडवल गुंतवले, ते धर्मादाय म्हणून नव्हे.