कुत्र्यासमोर कसं उभं राहायचं, हे शाळेत शिकवा

भटक्या कुत्र्यांचा विषय निघाला की कोल्हापुरात लगेच दोन तट पडतात. एका तटाला शहरातली सगळी कुत्री उचलून न्यायची असतात, दुसऱ्याला त्यांना कुणी हातही लावलेला चालत नाही. सर्वोच्च न्यायालयानं ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्ली परिसराबाबत दिलेला आदेश आणि त्याच महिन्यात त्यात केलेला बदल, यानंतर तर हा वाद आणखी तापला. पण सकाळी शिकवणीला निघालेल्या पोरासमोर एखादं कुत्रं गुरगुरत आलं तर त्यानं काय करायचं, हे दोन्ही तट सांगत नाहीत.

मूल पळतं. मोठी माणसंही पळतात, आणि पळणाऱ्याच्या मागं लागणं हा कुत्र्याचा स्वभाव आहे. खरं तर अशा वेळी झाडासारखं उभं राहायचं असतं: हात अंगाशी, नजर खाली, तोंडातून आवाज नाही. कुत्रं हुंगतं आणि बहुतेक वेळा निघून जातं. मग पाठ न फिरवता सावकाश मागं सरकायचं. खाली पडलोच तर गुडघे पोटाशी घेऊन, मान आणि कान हातांनी झाकून गोळा व्हायचं. रात्री रंकाळ्याकडून परतणाऱ्या दुचाकीस्वाराच्या मागं कुत्री लागतात, तेव्हा तो पाय वर घेतो, गाडी पिळतो आणि तोल जाऊन पडतो. चाव्यापेक्षा त्या पडण्यातच हाडं मोडतात. वेग कमी केला, प्रसंगी गाडी थांबवली, तर पाठलागातला जोर बहुधा ओसरतो.

कुत्रं चावण्याआधी सहसा इशारा देतं. अंग ताठ होतं, ओठ वर जातो, कान मागं पडतात. शेपूट हलतेय म्हणजे कुत्रं खुशीत आहे, हा समज तर फारच घातक. ताठ उभारलेली, झटक्यानं हलणारी शेपूट रागाचीही असते. खाणाऱ्या, झोपलेल्या कुत्र्याच्या किंवा पिल्लांजवळच्या कुत्रीच्या वाटेला जाऊ नये. शेजाऱ्याच्या पाळीव कुत्र्यालासुद्धा मालकाला विचारल्याशिवाय हात लावू नये, आणि लावायचाच तर थेट डोक्यावर नेऊ नये.

आणि कुत्रं चावलंच तर? फेब्रुवारी २०२४ मध्ये याच शहरात, कुत्रं चावलेल्या एका तरुणीचा लस घेऊनही रेबीजनं मृत्यू झाला. त्यातून ‘लशीचा काही उपयोग नाही’ असा अर्थ कुणी काढला तर पुढचे बळी अटळ आहेत. एकदा लक्षणं दिसली की या रोगावर उपाय उरत नाही; म्हणून जे करायचं ते आधीच. लशीनं शरीरात प्रतिकारशक्ती तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात. रक्त आलेल्या जखमेत तोवरच्या बचावासाठी इम्युनोग्लोब्युलिनचं, म्हणजे सीरमचं, इंजेक्शन थेट जखमेतच द्यावं लागतं. ‘सीरम लागेल का?’ हा प्रश्न रुग्णाच्या नातेवाइकांनी डॉक्टरांना विचारलाच पाहिजे.

त्याच्याही आधी घरचा नळ. वाहतं पाणी आणि साबण, पूर्ण पंधरा मिनिटं. साबणानं विषाणूचं आवरणच फुटतं, इतका साधा हा उपाय आहे. तरीही अजून जखमेवर तिखट भरलं जातं, चुना लावला जातो. पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागतील या धास्तीनं चावा लपवणारी मुलंही आहेत. ती जुनी लस बंद होऊन वीस वर्षं झाली, आता चार-पाच मात्रा पुरतात, त्याही दंडावर. हे त्यांना कुणी सांगितलेलंच नाही.

यावर आक्षेप येतो की असं शिकवणं म्हणजे चावा खाणाऱ्यालाच दोष देणं आणि महापालिकेला मोकळं सोडणं. हा आक्षेप मान्य करता येत नाही. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी निर्बीजीकरण आणि लसीकरणाची जबाबदारी स्थानिक संस्थेवर टाकली आहे, ती कुणाच्याही शिकण्यानं कमी होत नाही. दोन्ही कामं एकत्र कशी होतात, हे पाहायला लांब जायला नको. शेजारच्या गोव्यात ‘मिशन रेबीज’ या संस्थेनं आणि सरकारनं किमान ७० टक्के कुत्र्यांना लस टोचण्याचं लक्ष्य ठेवलं, रोगाचा माग ठेवला आणि त्याचबरोबर शाळाशाळांत जाऊन मुलांना शिकवलं. २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, संशयित पिसाळलेल्या प्राण्यांनी चावलेल्यांत ४० टक्के १५ वर्षांखालची मुलं असतात. मग शिकवायला सुरुवात शाळेपासूनच नको का?

कोल्हापूरला हे अवघड नाही. इथं पेठेपेठेत तालीम मंडळं आहेत, मैदानं आहेत, पोरं हाकेला जमतात. २८ सप्टेंबर हा जागतिक रेबीज दिन. त्याआधी महापालिकेच्या आणि खासगी शाळांनी प्रत्येक वर्गात अर्धा तास मुलांना उभं करून हा सराव घ्यावा. तालीम मंडळांनी गणेशोत्सवाच्या मांडवात तोच पालकांसमोर घ्यावा. लस आणि सीरम कोणत्या दवाखान्यात, कोणत्या वेळेत मिळतं, याचा फलक महापालिकेनं प्रत्येक प्रभागात लावावा. आणि या वर्षी किती कुत्र्यांना लस दिली, किती राहिली, हा आकडा दर महिन्याला जाहीर करावा, ही आयुक्तांना विनंती.

— एक वाचक, कोल्हापूर