नवव्या लेव्हलचा किल्ला

'डंजन्स अँड ड्रॅगन्स'च्या 2014च्या नियमपुस्तकात फायटर आणि विझर्ड यांचे तक्ते शेजारी शेजारी ठेवावेत आणि नवव्या लेव्हलच्या ओळीवर बोट ठेवावं. फायटरला तिथे 'इंडॉमिटेबल' मिळतं, म्हणजे फसलेला एक सेव्हिंग थ्रो पुन्हा टाकायची मुभा. तीही एकदाच, मग पुढच्या लाँग रेस्टपर्यंत थांबायचं. त्याच ओळीवर विझर्डला पाचव्या पातळीचे स्पेल खुले होतात. शत्रूच्या गोटात काय चाललंय ते घरबसल्या पाहणं, कुठल्याही शस्त्राने न फुटणारी अदृश्य भिंत उभी करणं, दूरच्या शहरातल्या कायमच्या वर्तुळाकडे जाणारं दार उघडणं, हे सगळं त्याच्या आवाक्यात येतं. दोघांनी सारखीच मेहनत केली, सारखेच धोके पत्करले. तरी एकाला एक जादा फासा मिळाला आणि दुसऱ्यासाठी नकाशावरची अंतरंच मिटली.

या तफावतीवर वर्षानुवर्षं वाद चाललाय. फायटर सरळ रेषेत वाढतो आणि विझर्ड वर्गाच्या पटीत, असं खेळाडू म्हणतात. पण हा वाद बहुतेक वेळा डॅमेजच्या आकड्यांवर येऊन अडकतो, आणि तिथे तर डिझायनरांनी बरंच काम केलेलं आहे. पहिल्या 'अॅडव्हान्स्ड' नियमांत फायरबॉल या स्पेलचा मारा दर लेव्हलला एका फाशाने वाढत जाई आणि त्याला वरची मर्यादा नव्हती. 1989 सालच्या दुसऱ्या आवृत्तीत तो दहा फाशांवर अडवला. 2014मध्ये तो मूळ पातळीवर आठ फाशांचा ठरला, म्हणजे सरासरी 28. पाचव्या लेव्हलच्या फायटरने दोन हाती तलवारीचे दोन्ही वार बसवले तर सरासरी 22 होतात, आणि तो प्रत्येक फेरीत, दिवसभर वार करू शकतो. विझर्डकडे त्या लेव्हलला फायरबॉल टाकण्यापुरते स्लॉट असतात दोनच. घोळक्यावर फायरबॉल भारी पडतो, एकट्या राक्षसावर तलवार. इथवर मला तक्रारीला जागा दिसत नाही.

तक्रार सुरू होते ती लढाईच्या बाहेर. तेराव्या लेव्हलच्या पार्टीला कड्यावरच्या एका किल्ल्यातून कैदी सोडवायचा आहे, असं धरू. फायटर पहारे मोजेल, रात्रीची वेळ निवडेल, दोर लावून कडा चढेल, आणि गाठ पडली तर एका फेरीत तीन वार करेल. विझर्ड स्क्रायिंगने कैद्याची कोठडी पाहून घेईल आणि थोडी जोखीम पत्करून टेलिपोर्टने सगळ्यांना थेट आत नेईल. कडा, तट, दरवाजा, पहारा, ज्यांच्यावर फायटरच्या खेळाडूचा सगळा संध्याकाळभराचा खेळ उभा राहिला असता ते सगळं एका वाक्यात निकालात निघतं. त्याच्या तलवारीचं डॅमेज दुप्पट केलं तरी या प्रसंगात काहीच बदलत नाही, कारण तलवार बाहेर काढायची वेळच आलेली नाही. लेव्हल वाढते तशी एकाची ताकद वाढते आणि दुसऱ्याचा अधिकार वाढतो. कथेत पुढे काय होणार हे ठरवायचा अधिकार. समतोल मोजायचा तर तो इथे मोजला पाहिजे.

या खेळाचे एक जनक गॅरी गायगॅक्स यांना हे उमगलेलं होतं असं जुनी पुस्तकं वाचताना वाटतं. 1978च्या 'प्लेअर्स हँडबुक'मध्ये नवव्या लेव्हलचा फायटर 'लॉर्ड' होतो. त्याने किल्ला बांधला, भोवतालचा मुलूख साफ करून ताब्यात ठेवला, की हत्यारबंद माणसं आपणहून त्याच्या चाकरीला येतात आणि रयतेकडून दर डोई दर महिना 7 चांदीची नाणी महसूल मिळतो. क्लेरिकलाही त्या टप्प्याच्या आसपास अनुयायी मिळत, पण विझर्डला मात्र अशी शिबंदी आपसूक मिळत नसे. सरदाराचं वजन त्याच्या मनगटापेक्षा त्याच्या किल्ल्यात आणि शिबंदीत असतं, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. त्या नियमांनी फायटरच्या हाती दिलेला अधिकार विझर्डच्या अधिकाराहून वेगळ्या जातीचा होता, पण तोलामोलाचा होता.

जुन्या खेळात समतोल साधला तो एक्सपीच्या, म्हणजे अनुभवाच्या गुणांच्या, वेगवेगळ्या तक्त्यांनी, विझर्डला लेव्हल चढायला जास्त गुण लागत, असं सर्रास सांगितलं जातं. 1978चा तक्ता पाहिला तर हे अर्धंच खरं निघतं. दुसऱ्या लेव्हलला फायटरला 2,001 गुण लागत आणि विझर्डला 2,501, हे खरं. पण सातवी लेव्हल विझर्ड 60,001 गुणांवर गाठतो, फायटर 70,001वर. नववीला विझर्डला 1,35,001 गुण पुरतात आणि फायटरला 2,50,001 लागतात. ऐन मोक्याच्या टप्प्यावर तक्ता विझर्डच्याच बाजूने झुकतो, म्हणजे तोल जो काही होता तो किल्ल्याने सांभाळलेला होता. तिसऱ्या आवृत्तीने सगळ्यांना एकच तक्ता दिला, ते योग्यच झालं. पण फायटरचा तो किल्ला मूळ वर्गातून गेला आणि त्याच्या जागी आले जादा फीट, म्हणजे पुन्हा लढाईतलीच कौशल्यं.

हा खेळ स्पर्धेचा नाही, सगळे एका बाजूने खेळतात, मग समतोल कशाला, असा एक आक्षेप येतो. एकत्र खेळतात म्हणूनच तो हवा. स्पर्धेत दुबळा खेळाडू निदान हरतो तरी; इथे तो चार तास बसून दुसऱ्याच्या करामती पाहतो. खेळ चालवणारा डंजन मास्टर, म्हणजे डीएम, चांगला असला की सगळं सांभाळून घेतो, असंही म्हणतात. घेतो, पण टेलिपोर्ट अडवणारे तट आणि स्क्रायिंग न चालणारे तळघर दर आठवड्याला उभे करून. त्यात विझर्डच्या खेळाडूवर अन्याय होतो, कारण त्याने नियमाने कमावलेलंच त्याच्याकडून काढून घेतलं जातं. सुरुवातीला विझर्ड दुबळा असतो, त्याची भरपाई त्याला पुढे मिळते, हा युक्तिवाद तर मला मुळीच पटत नाही. 'कर्स ऑफ स्ट्राड'सारखं छापील साहस दहाव्या लेव्हलपर्यंतच चालतं. एकाने आधी सोसायचं आणि दुसऱ्याने नंतर, ही वाटणी करायला कॅम्पेन तेवढं टिकावं लागतं, आणि टिकलं तरी दोघांच्याही वाट्याला कंटाळवाणी वर्षं येतातच.

वास्तवाचा आक्षेप जास्त गंभीर आहे. मंत्र नसलेला हाडामांसाचा माणूस किती करणार? पण भीमाने जरासंधाला उभा चिरला तो काही मंत्राने नाही. पुराणकथांतले वीर देहाच्या बळावर अचाट कामं करतात आणि ऐकणाऱ्याला त्यात वावगं वाटत नाही. 2008च्या चौथ्या आवृत्तीने हा धागा पकडला होता. तिने सगळ्या वर्गांना एकाच साच्यातल्या शक्ती दिल्या आणि लढाईबाहेरची बरीच जादू वेळ नि पैसा खाणाऱ्या विधींमध्ये नेली. तो प्रयत्न प्रामाणिक होता आणि हिशेबात बसणाराही होता. पण फायटर आणि विझर्ड यांचा कागद सारखाच दिसू लागला, आणि वेगळेपणासाठी खेळणाऱ्यांना ते रुचलं नाही. त्यांची नाराजी मला समजते. म्हणूनच सारख्या शक्ती देण्यापेक्षा वेगळ्या जातीचा अधिकार देणारी जुनी वाट मला अधिक पटते.

ही वाट आजच्या नियमांत तर पूर्वीपेक्षा सोपी आहे. पाचव्या आवृत्तीने आकडे मुद्दाम आटोक्यात ठेवलेत. प्रॉफिशियन्सी बोनस वीस लेव्हलमध्ये +2 वरून जेमतेम +6वर जातो. त्यामुळे साध्या शिपायाचा बाणही मोठ्या शत्रूला लागू शकतो. प्रौढ लाल ड्रॅगनचा आर्मर क्लास 19 आणि हिट पॉइंट 256. +3 बोनसचा तिरंदाज विसांपैकी 16 किंवा वर टाकेल तेव्हा त्याचा बाण लागेल, म्हणजे चारातून एकदा. शंभर तिरंदाजांचे एका फेरीत पंचवीस बाण लागतील आणि दर बाणाला सरासरी साडेपाच धरले तर 137 हिट पॉइंट जातील. ड्रॅगन स्वस्थ बसणार नाही. त्याची दहशत आणि आग निम्मी फौज उधळेल. तरीही नवव्या लेव्हलचा फायटर शंभर माणसं घेऊन आला, तर टेबलावरच्या प्रत्येकाला, विझर्डलासुद्धा, आपला बेत त्याच्या मताने आखावा लागेल.

2024च्या 'डंजन मास्टर्स गाइड'मध्ये वास्तू परत आली आहे, 'बॅस्टियन' या नावाने. पाचव्या लेव्हलपासून प्रत्येक पात्राला ती मिळते, विझर्डलाही. घर सगळ्यांना मिळालं याचा मला आनंदच आहे. पण त्या घराबाहेर, मोहिमेवर, नाव घेताच गोळा होणारी माणसं, वेशीवर उघडणारे दरवाजे, दरबारात मिळणारी खुर्ची हे फायटरच्या तक्त्यात नवव्या ओळीवर अजून छापलेलं नाही. तोवर ते डीएमने आपल्या पेनाने लिहावं, आणि कॅम्पेन सुरू होण्याआधी, सगळ्यांसमोर लिहावं, म्हणजे फायटर निवडणाऱ्या खेळाडूला पहिल्याच दिवशी कळेल की आपण कुठल्या किल्ल्याकडे निघालो आहोत.