झडप कुठे उघडते?

‘डॉक्टर, मांजरासाठी दाराला झडप बसवून घ्यायची आहे, कोणती चांगली?’ हा प्रश्न आता आपल्या दवाखान्यांत सर्रास येतो. वस्तू ऑनलाइन मागवली की घरपोच मिळते, सुतार तासाभरात भोक पाडून देतो. मग एक तर मांजर त्या झडपेकडे ढुंकूनही बघत नाही, नाही तर शेजारचा बोका तिच्यातून आत येऊन सोफ्यावर फवारा मारून जातो. क्लायंट पुन्हा आपल्या दारात उभा राहतो, आणि पहिल्या खेपेला आपण ‘बसवा की, काय हरकत आहे’ एवढंच बोललो होतो हे त्याच्या चांगलं लक्षात असतं.

माझं म्हणणं असं की त्या पहिल्या खेपेलाच आपण हा विषय सुताराच्या हातून आपल्याकडे घ्यावा. झडप कोणती, हा प्रश्न नंतरचा. आधी विचारायचं ते हे, की ती उघडणार कुठे? कंपन्यांची माहितीपत्रकं मागच्या अंगणात उघडणारं स्वयंपाकघराचं दार गृहीत धरतात. पलीकडे हिरवळ, कुंपण आणि फार तर एखादा कोल्हा. आपल्याकडे झडपेपलीकडे जिना असतो, पार्किंग असतं, नाहीतर वर्दळीचा रस्ता.

उदाहरणासाठी कोथरूड किंवा घोडबंदर रोड घेता आला असता, पण मी मुद्दाम उत्तर कोलकात्यातलं बागबाजार घेतो. एक तर ते आपल्या व्यवसायाच्या शेजारघरी आहे. कालवा ओलांडला की बेलगाछिया, जिथे १८९३ साली बंगाल व्हेटरनरी कॉलेज सुरू झालं. (आपलं परळचं १८८६चं, म्हणजे सात वर्षांनी थोरलं. एवढा अभिमान चालून जावा.) दुसरं म्हणजे याच कालव्याच्या काठी गॅलिफ स्ट्रीटवर दर रविवारी पाळीव प्राण्यांचा बाजार भरतो. पक्षी, मासे, कुत्र्यामांजरांची पिल्लं, शिवाय रोपं. तिसरं कारण तिथली घरं, आणि खरा मुद्दा त्या घरांतच आहे.

मराठी माणूस त्या भागात फिरताना एका पाटीपाशी हमखास थांबतो: मराठा डिच लेन. नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा १७४२ पासून बंगालवर येऊ लागल्या. त्या धास्तीने कंपनीच्या कोलकात्याने शहराभोवती खंदक खणायला घेतला, तो इथून, बागबाजारपासून. बेत सात मैलांचा होता. तीनेक मैल झाले, आणि ज्यांच्यासाठी एवढा खटाटोप केला ते कोलकात्यावर फिरकलेच नाहीत. १७९९ मध्ये त्यातला बराचसा खंदक बुजवून सर्क्युलर रोड झाला. कोण, कुठून आणि कशासाठी येणार याचा नीट अंदाज न घेता केलेल्या बंदोबस्ताची ही तऱ्हा झडप बसवणाऱ्यांतही दिसते, इतकंच.

आता घरं. बागबाजारच्या जुन्या घराला मधोमध उठोण, म्हणजे आपला चौक, भोवती खोल्या, पुढे रस्त्यावर रोयाक म्हणजे ओटा, आणि खिडक्यांना आडव्या फिरत्या पट्ट्यांची खडखडी. यांतली बरीच घरं शरिकी आहेत. आपल्या भाऊबंदकीतल्या वाड्यासारखं एकाच चौकाभोवती चार चुलत्यांचे चार संसार. थोरल्याने स्वतःच्या खोलीच्या दाराला झडप बसवली, तर ती उघडते सगळ्यांच्या चौकात. तिथे धाकट्याचं मांजर आहे, मधल्याच्या घरी तान्हं मूल आहे, आणि चौथ्याला मांजर अजिबात खपत नाही. कागदोपत्री झडप एकाची असते, मांजर मात्र अख्ख्या घराचं.

त्यात बंगालात मांजर हे षष्ठीदेवीचं वाहन. आपली सटवाई त्याच घराण्यातली, फक्त तिला मांजर मिळालं नाही. षष्ठीच्या व्रतकथेत धाकटी सून चोरून खाते आणि आळ काळ्या मांजरावर घेते, मग देवी तिला धडा शिकवते. त्यामुळे जुन्या घरांतल्या वडीलधाऱ्या बायका मांजराला हाकलू देत नाहीत, आणि प्रत्येक चुलीवरून त्याला मासळी-भात मिळतो. आपल्या दृष्टीने याचा अर्थ सरळ आहे: क्लायंट सांगतो ती आहाराची हिस्ट्री एक चतुर्थांशच खरी असते. वजन वाढलेलं, चौथ्या घरात कच्ची मासळी चालू, आणि बी-वन कमी पडल्याने मान खाली वाकवून आलेलं मांजर. अशा केसमध्ये ‘हे घरातून बाहेर कुठून जातं?’ हा प्रश्न रक्ततपासणीच्या आधी विचारायला हवा.

म्हणून करवत लावण्याआधी क्लायंटला काही दिवस नुसतं बघायला सांगावं. मांजराची वाट बहुधा आधीच ठरलेली असते. खडखडीची एखादी पट्टी निखळलेली असते, नाहीतर जिन्याखालची मोरी. त्याच वाटेच्या जवळ झडप बसवली तर शिकवण्याचं निम्मं काम वाचतं. भलत्या ठिकाणी बसवली तर ती कायम पडून राहते, आणि मांजर आपलं मोरीतूनच जातं.

उघडण्याच्या जागेबद्दल माझं मत कडक आहे. रस्त्यावर उघडणारी झडप, मग ते कोलकाता असो की कोल्हापूर, आपण सुचवू नये. वाहनं आणि भटकी कुत्री ही कारणं सांगायलाच नकोत. सगळ्यात चांगली झडप घरातल्या घरात असते: बेडरूमचं दार रात्री बंद राहतं आणि मांजराचं शौचपात्र न्हाणीघरात आहे, तिथे. दुसरी चांगली जागा जाळी लावलेली गॅलरी. जाळी नसेल तर गॅलरीत झडप नको. न्यूयॉर्कच्या ॲनिमल मेडिकल सेंटरमध्ये उंचावरून पडलेल्या १३२ मांजरांवरचा लेख १९८७ साली आला. उपचार झालेल्यांपैकी ९० टक्के वाचली, हे वाक्य सगळ्यांना पाठ असतं. छातीचा मार, फाटलेलं टाळू, मोडलेला जबडा हा त्याच लेखाचा उरलेला भाग कोणी सांगत नाही. बागबाजारातही जुनी घरं पाडून उंच फ्लॅट उभे राहत आहेत, आणि दुमजली घराच्या सवयीचं मांजर पाचव्या मजल्याच्या कठड्यावर तसंच उडी मारून बसतं.

शरिकी चौकात उघडणारी झडप मी नाकारणार नाही, पण तिला अटी आहेत. निर्बीजीकरण झालेलं हवं, रेबीज आणि त्रिगुणी लस पूर्ण हवी, चिप बसवलेली हवी. गॅलिफ स्ट्रीटवरून रविवारी आणलेलं पर्शियन पिल्लू सोमवारी चौकात सोडणं म्हणजे पॅनल्युकोपेनियाला आवतण. पेट शॉप नियम २०१८ प्रमाणे आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकता येत नाही. बाजारातून आलेल्या पिल्लाचे दात आपण स्वतः बघून वय ठरवावं. लसींचा क्रम सोळा आठवड्यांपर्यंत चालतो, तोवर झडपेला कुलूप.

चौकाच्या झडपेला चिप ओळखणारं कुलूप हवंच, याचं एक कारण घूस. १९६८ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने स्पिलेट यांचा कोलकात्यातल्या घुशींवरचा अभ्यास छापला. धान्याच्या गोदामांत या प्राण्याचं केवढं राज्य आहे ते त्यात वाचायला मिळतं. तळमजल्यावर नाल्याकडे उघडणारं पंधरा सेंटिमीटरचं भोक घुशीला ऐसपैस होतं. आणि पूर्ण वाढलेली घूस साध्या घरगुती मांजराला भीक घालत नाही, हे जखमा शिवताना आपण पाहिलं आहे. इंग्लंडात एक्सेटर कॅथेड्रलच्या दाराला मांजरासाठी भोक आहे. १५९८ साली बिशप झालेल्या विल्यम कॉटनच्या काळातलं ते. त्याच्याही आधीच्या शतकांत, उंदीर मारण्यासाठी मांजराला तिथे चक्क हिशेबवहीतून भत्ता मिळत असे. तिथल्या मांजरांची घुशीशी गाठ पडली नव्हती.

चिपची बाजू आपली आहे. पंधरा आकडी आयएसओ चिप, १३४.२ किलोहर्ट्झ. झडपेचा रीडर फार जवळून वाचतो, मांजराचं डोकं बोगद्यात आल्यावर. चिप खांद्यावरून खाली सरकली असेल तर झडप उघडत नाही, आणि क्लायंट झडपेला दोष देतो. तेव्हा झडप विकत घ्यायच्या आधी स्कॅनर फिरवून चिप कुठे आहे ते बघून द्यावं. पट्ट्यातल्या चुंबकावर चालणारी स्वस्त झडप सुचवू नये. पट्टा अडकतो, आणि चुंबक असलेलं कुठलंही मांजर तिच्यातून आत येऊ शकतं.

परका बोका आत येणं ही नुसती कटकट नसते. घरात अचानक लघवीचे फवारे सुरू झाले, किंवा शांत भाटीला वारंवार मूत्राशयाचा दाह होऊ लागला, तर झडपेबद्दल विचारावं. त्याहून मोठा धोका मला वेगळाच वाटतो. झडपेतून बाहेर जाऊन शौच करणाऱ्या मांजराचं शौचपात्र घरातून हद्दपार होतं, आणि त्याबरोबर आपली हिस्ट्रीही. बोका दोन दिवस कुंथतोय, थेंब येत नाही, हे कोणालाच दिसत नाही. तो आपल्याकडे येतो तेव्हा पोटॅशियम चढलेलं असतं. झडप असली तरी घरात शौचपात्र ठेवलंच पाहिजे, आणि ते झडपेशेजारी नको. जेवणाची वाटीही तिथे नको.

बसवण्याबद्दल सुताराला सांगायच्या गोष्टी थोड्याच आहेत. उंची मांजराच्या पोटाच्या रेषेवरून मोजावी. झडपेची खालची कड साधारण दहा ते पंधरा सेंटिमीटरवर येते. मोजमाप दोन्ही बाजूंनी घ्यावं, कारण बाहेरची पायरी खाली असेल तर तिकडून तीच झडप दुप्पट उंच होते. म्हाताऱ्या मांजराच्या सांध्यांना ते जमत नाही, आणि आपण संधिवाताऐवजी ‘आता त्याला बाहेर आवडत नाही’ असं लिहून मोकळे होतो. पॅनेलच्या दारात भोक पॅनेलमध्ये पाडावं, चौकटीच्या जोडात नको. फ्लश डोअर आतून पोकळ असेल तर कापलेल्या कडांना लाकूड भरावं. पावसाळ्यात दार फुगतं, म्हणून चारी बाजूंनी थोडी मोकळीक ठेवावी. आणि बागबाजारसारख्या ठिकाणी शंभर वर्षांचं ब्रह्मदेशी सागाचं दार मांजरासाठी कापू नये. खडखडीचा एक पल्ला उतरवून तिथे प्लायवूडची फळी बसवावी आणि झडप तिच्यात घालावी. घर विकताना पल्ला परत चढवता येतो, आणि शरिकांची तक्रारही राहत नाही.

शिकवण्याबद्दल मात्र आपण क्लायंटला नीट वेळ द्यायला हवा, कारण इथे सगळे एकच चूक करतात: मांजराला उचलून झडपेतून ढकलतात. एकदा ढकललं की ते भोक त्याच्या लेखी पकडलं जाण्याची जागा होतं. शिकण्याचं शास्त्रच खरं तर मांजराच्या दारापाशी सुरू झालं. १८९८ साली थॉर्नडाइकने भुकेल्या मांजरांना पेटीत कोंडून बाहेर खाणं ठेवलं. मांजरं आधी वेडीवाकडी धडपडली, चुकून दोरी ओढली गेली, दार उघडलं, आणि पुढच्या खेपांना वेळ हळूहळू कमी होत गेला. अचानक उमज पडली नाही, यश मिळालेली हालचाल तेवढी घट्ट झाली. झडपेच्या बाबतीतही हेच घडवायचं असतं.

सुरुवातीला पल्ला दोरीने पूर्ण वर बांधून ठेवावा, नुसतं भोक. जेवणाच्या वेळेआधी, मांजर भुकेलं असताना, पलीकडच्या बाजूने शिजवलेल्या मासळीचा तुकडा दाखवावा. ये-जा सहज होऊ लागली की पल्ला अर्ध्यावर आणावा, म्हणजे डोक्याने किंचित ढकलावा लागेल. मग पूर्ण खाली, पण पल्ला मिटवून धरणारं चुंबक काढून. चिपच्या झडपेचा खटका मोठ्याने वाजतो. तो आवाज आधी वेगळा ऐकवून प्रत्येक खटक्यामागे खाऊ द्यावा, दाराशी त्याची गाठ नंतर. हुशार मांजर दोन दिवसांत शिकेल, भित्र्याला दोन-तीन आठवडे लागतील. घाबरलं तर एक पायरी मागे.

माणसाने कुठे उभं राहायचं, यावरही एक जुना वाद आहे. १९४६ मध्ये गथ्री आणि हॉर्टन यांनी पेटीतली मांजरं दांड्याला अंग घासून दार उघडतात हे पाहून त्यावर शिकण्याचा सिद्धांत उभा केला. १९७९ मध्ये मूर आणि स्टटर्ड यांनी दाखवलं की माणूस समोर दिसला की मांजर नमस्कारादाखल अंग घासतं, दांडा फक्त मध्ये येतो! दवाखान्यात हे उपयोगी पडतं. मालक झडपेच्या अलीकडे, मांजराजवळ उभा राहिला तर मांजर चौकटीला गाल घासत बसतं आणि जात नाही. त्याने पलीकडे जावं. बाकी चौकटीला गाल घासणं शुभच, ती जागा आता त्याने आपली मानली.

शस्त्रक्रियेनंतर गळ्यात कोन घातलेला पेशंट घरी पाठवताना झडप बंद ठेवायला सांगणं आपण विसरतो. कोन पल्ल्यात अडकतो, टाके जातात. बहुतेक झडपांना चार प्रकारचं कुलूप असतं: फक्त आत, फक्त बाहेर, दोन्ही, आणि बंद. ते वर्षभर ‘दोन्ही’वर राहतं. कोलकात्यात विश्वकर्मापूजेला, सप्टेंबरच्या १७ तारखेच्या आसपास, गच्च्यांवर पतंग उडतात आणि मांजा सगळीकडे पसरतो. कालीपूजेच्या रात्री फटाके. आपल्याकडे संक्रांत आणि दिवाळी. त्या दिवशी दुपारपासून कुलूप ‘फक्त आत’वर, आणि मांजर आलं की ‘बंद’.

आपल्या केसपेपरवर ‘घरातलं / बाहेरचं’ असे दोनच चौकोन असतात. तिथे एक ओळ वाढवावी: झडप आहे का, कुठे उघडते, रात्री कुलूप कोण लावतं. ज्या सहकाऱ्यांकडे अशा नोंदी जमतील त्यांनी त्या या मासिकाकडे पाठवाव्यात. क्लायंटचं नाव नको. दाराचा दोन्ही बाजूंनी काढलेला फोटो मात्र हवा, जमिनीपासूनची उंची दिसेल असा.