९० मिनिटांपर्यंत २-०, मग २-३: टीम कोसळते तेव्हा तुमचा फोन काय करत असतो?

२४ एप्रिल २०२४. मडगावचं फातोर्डा स्टेडियम. इंडियन सुपर लीगच्या सेमीफायनलचा पहिला लेग, एफसी गोवा विरुद्ध मुंबई सिटी. बोरिस सिंगने १६व्या मिनिटाला आणि ब्रँडन फर्नांडिसने ५६व्या मिनिटाला गोल केला. ८९ मिनिटं झाली तरी गोवा २-० ने पुढे. घरचं मैदान, घरचे प्रेक्षक, सगळं मनासारखं.

९०व्या मिनिटाला मुंबईच्या लालियानझुआला छांगटेने गोल मारला. पुढच्याच मिनिटाला विक्रम प्रताप सिंगने बरोबरी केली. इंज्युरी टाइमच्या सहाव्या मिनिटाला परत छांगटे. २-३. साधारण सात मिनिटांत जिंकलेली मॅच गेली.

पाच दिवसांनी मुंबईत दुसरा लेग झाला. तोही गोव्याने ०-२ असा गमावला. दोन्ही लेग मिळून २-५. ४ मे रोजी मुंबईने कोलकात्यात मोहन बागानला ३-१ ने हरवून ट्रॉफी उचलली. गोव्याच्या फॅन्सच्या वाट्याला त्या सात मिनिटांच्या क्लिप्स आल्या, आणि त्या आजही अधूनमधून फीडमध्ये उगवतात.

अशा मॅचबद्दल बोलताना आपण डिफेन्स, कोच, नशीब यावर बोलतो. इथे मला वेगळ्या गोष्टीबद्दल लिहायचंय. मॅच सात मिनिटांत हातातून जाते, पण त्याचा त्रास रात्री दोनपर्यंत, कधी कधी आठवडाभर चालतो. या लांबलेल्या त्रासात फुटबॉलचा वाटा किती आणि आपल्या हातातल्या फोनचा किती? दोन्ही वेगळे करता आले, तर निम्मं काम होतं.

आपल्यासाठी स्टेडियम म्हणजे फोनच

फातोर्ड्यात बसलेल्या माणसाचं दुःख सोपं असतं. शेजारी हजारो लोक त्याच अवस्थेत असतात. सगळे एकत्र शिव्या घालतात, एकत्र गप्प होतात, गाडी काढून घरी जातात.

आपल्या संभाजीनगरात आयएसएलची टीम नाही. मुंबई साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास, फातोर्डा त्याहून बरंच लांब. इथला गोव्याचा, मुंबईचा किंवा थेट रेआल माद्रिदचा फॅन सिडकोतल्या एखाद्या रूमवर, इअरफोन लावून, ६ इंची स्क्रीनवर मॅच बघत असतो. रूममेट झोपलेला असतो. दुःख वाटून घ्यायलाही फोनच आणि दुःख वाढवायलाही फोनच. म्हणून तो फोन आतून कसा चालतो हे माहीत असणं आपल्यासाठी जास्त गरजेचं आहे.

गोल आधी व्हॉट्सॲपवर का येतो?

हे सगळ्यांनी अनुभवलंय. स्क्रीनवर आपल्या टीमचा गोलकीपर निवांत बॉल घेऊन उभा आहे आणि ग्रुपवर मेसेज येतो, "गेली रे मॅच!"

कारण तुमचं 'लाइव्ह' हे खरं लाइव्ह नसतं. बहुतेक स्ट्रीमिंगमध्ये व्हिडिओचे छोटे तुकडे केले जातात. एचएलएस नावाच्या लोकप्रिय पद्धतीत ॲपल साधारण ६ सेकंदांचा तुकडा सुचवतं. प्लेअर थेट शेवटच्या तुकड्यापासून सुरुवात करत नाही, साधारण तीन तुकडे मागे राहतो, म्हणजे नेटवर्क जरा अडखळलं तरी व्हिडिओ थांबत नाही. ६ गुणिले ३, झाले १८ सेकंद. त्यात कॅमेऱ्यापासून एन्कोडिंग आणि सर्व्हरपर्यंतचा प्रवास मिळवा. अर्ध्या मिनिटाचा उशीर सहज होतो.

स्कोअर ॲपचं तसं नसतं. तिथे व्हिडिओ नसतो, फक्त एक ओळ असते. माहिती गोळा करणाऱ्या कंपन्यांची माणसं मैदानातून किंवा वेगवान फीडवरून 'गोल' असं नोंदवतात आणि काही सेकंदांत नोटिफिकेशन तुमच्या फोनवर येतं. काही बाइट्सचा मेसेज आणि काही एमबींचा व्हिडिओ यांची शर्यत आहे ही.

आता हे फातोर्ड्याच्या त्या मॅचला लावून बघा. पहिल्या आणि दुसऱ्या गोलमध्ये जेमतेम एक मिनिट. तुमचा स्ट्रीम ४० सेकंद मागे असेल, तर पहिल्या गोलचा रिप्ले स्क्रीनवर चालू असतानाच दुसऱ्याचं नोटिफिकेशन वर टपकतं. म्हणजे गोल बघायच्या आधी त्याची भीती बघायची, आणि मग तोच गोल परत डोळ्यांनी. एकच फटका दोनदा बसतो.

हा उशीर कमी करता येत नाही का? येतो. लहान तुकड्यांच्या लो-लेटन्सी पद्धती आहेत, त्यात उशीर काही सेकंदांवर येतो. पण मग सर्व्हरवर रिक्वेस्ट वाढतात आणि बफर लहान झाल्यामुळे कमी रेंजमध्ये व्हिडिओ जास्त अडकतो. १९ नोव्हेंबर २०२३ ला क्रिकेट वर्ल्ड कपच्या फायनलला हॉटस्टारवर एकाच वेळी ५.९ कोटी प्रेक्षक होते. एवढ्या लोकांसाठी बनवलेल्या यंत्रणेत 'थोडं मागे पण न अडकता' हाच सौदा परवडतो.

'९९ टक्के जिंकणार' म्हणजे काय?

आता बऱ्याच ॲप्समध्ये जिंकण्याच्या शक्यतेचा आलेख दिसतो. ८९व्या मिनिटाला २-० असताना तो छताला टेकलेला असतो आणि नंतर कड्यावरून पडल्यासारखा खाली येतो. लोक त्याचा स्क्रीनशॉट टाकून म्हणतात, "हे ॲप बकवास आहे" किंवा "मॅच फिक्स होती."

आपण स्वतः साधं गणित करून बघू. समजा, एक टीम ९० मिनिटांत सरासरी दीड गोल करते. म्हणजे दर ६० मिनिटांना एक. मग ७ मिनिटांत सरासरी ०.१२ गोल. पॉयसाँ नावाचं सूत्र, जे आपल्याला इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षी गणितात असतं, ते लावलं तर ७ मिनिटांत किमान २ गोल होण्याची शक्यता येते साधारण १६० मध्ये एक. किमान ३ गोल होण्याची, साधारण ४ हजारांत एक.

पण या सूत्रात एक गृहीतक दडलंय. प्रत्येक गोल स्वतंत्र आहे, आधीच्या गोलचा पुढच्यावर परिणाम होत नाही. मैदानावर तसं नसतं. एक गोल गेला की मागे असलेली टीम सगळे पुढे टाकते, पुढे असलेली टीम मागे सरकते, पाय जड होतात, बॉल नुसता लांब फेकला जातो. म्हणून असे गोल बऱ्याचदा जोडीने येतात. ४ मे २०२२ ला माद्रिदमध्ये मँचेस्टर सिटीचं हेच झालं. दोन्ही लेग मिळून सिटी ५-३ ने पुढे होती, आणि रॉड्रिगोने ९०व्या आणि ९१व्या मिनिटाला गोल मारले. एक्स्ट्रा टाइममध्ये बेन्झेमाच्या पेनल्टीने सिटी बाहेर. १९९९ च्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये बायर्न म्युनिकनेही इंज्युरी टाइममध्ये मँचेस्टर युनायटेडकडून असेच दोन गोल खाल्ले होते.

म्हणजे खरी शक्यता ४ हजारांत एकपेक्षा जास्त आहे, तरीही लहानच आहे. जगात दरवर्षी हजारो मॅचेस होतात, त्यामुळे कुठेतरी हे घडणारच. ९९ टक्के म्हणजे १०० नाही. उरलेला एक टक्का त्या रात्री तुमच्या वाट्याला आला, एवढंच.

हरल्याचं दुःख खरंच दुप्पट असतं

"एवढं काय मनाला लावून घेतोस, गेम आहे" असं घरचे म्हणतात. त्यांना हे सांगा. ब्रिटनमध्ये मॅपिनेस नावाचं ॲप होतं. ते लोकांना दिवसातून अधूनमधून विचारायचं, आत्ता कसं वाटतंय? ससेक्स विद्यापीठातल्या संशोधकांनी सुमारे ३२ हजार लोकांची ३० लाख उत्तरं फुटबॉलच्या निकालांशी जुळवून पाहिली. मॅच जिंकल्यानंतरच्या तासात फॅन्सचा आनंद जेवढा वाढला, त्याच्या साधारण दुप्पट तो हरल्यावर घसरला. आणि जिंकण्याची अपेक्षा असताना हरलं तर जास्तच. ८९व्या मिनिटाला २-० असताना अपेक्षा केवढी असेल, विचार करा.

म्हणजे पहिल्या तासाचा त्रास फुटबॉलचा आहे. तो होऊ द्या, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पुढच्या तासांचा हिशोब वेगळा आहे.

फीडला तुमचं दुःख कसं कळतं?

फीडला दुःख वगैरे काही कळत नाही. त्याला कळतं की तुम्ही कुठल्या व्हिडिओवर किती वेळ थांबलात, परत पाहिलात का, कमेंट केली का, कुणाला पाठवला का. चिडून पाहिलेले ३० सेकंद आणि खूश होऊन पाहिलेले ३० सेकंद हे त्याच्या हिशोबात जवळपास सारखेच.

मॅच हरल्यावर तुम्ही तिसऱ्या गोलची क्लिप चार वेळा बघता, "ऑफसाइड होता का?" हे तपासायला. समोरच्या टीमच्या फॅनने टाकलेल्या मीमखाली भांडता. सिस्टिम नोंद करते, या माणसाला हा विषय भयंकर आवडलाय. मग तेच अजून येतं, वेगळ्या अँगलने, वेगळ्या गाण्यावर. दोन दिवसांनी तुम्ही विसरलेले असता, पण फीड विसरलेलं नसतं.

राग कुणावर निघतो?

१९७६ मध्ये अमेरिकेत रॉबर्ट सियाल्डिनी आणि सहकाऱ्यांनी कॉलेजच्या पोरांवर एक अभ्यास केला. टीम जिंकली की मुलं 'आपण जिंकलो' म्हणायची, हरली की 'ते हरले'. आपल्याकडेही तेच चालतं. फरक एवढाच, की तेव्हा 'ते' लांब असायचे. आज खेळाडूचं हँडल एका टॅपवर आहे.

४ सप्टेंबर २०२२ ला दुबईत आशिया कपमध्ये पाकिस्तानविरुद्ध अर्शदीप सिंगच्या हातून शेवटच्या ओव्हर्समध्ये एक कॅच सुटला. मॅच हातातून गेली. त्याला ऑनलाइन देशद्रोही ठरवलं गेलं, त्याच्या विकिपीडिया पानावर खोटा मजकूर घुसवला गेला, आणि केंद्र सरकारला विकिपीडियाकडे खुलासा मागावा लागला. तेव्हा तो २३ वर्षांचा होता. दोन वर्षांच्या आत, २०२४ चा टी-२० वर्ल्ड कप भारताने जिंकला तेव्हा त्याच्या नावावर स्पर्धेत १७ विकेट्स होत्या.

फुटबॉलमध्येही तेच आहे. कतारच्या २०२२ वर्ल्ड कपमध्ये फिफाने पोस्ट आणि कमेंट्स तपासणारी यंत्रणा लावली होती. २ कोटींहून जास्त पोस्ट-कमेंट्स स्कॅन झाल्या, त्यात १९ हजारांहून जास्त शिवीगाळ किंवा धमकीच्या निघाल्या. फिल्टर मजकूर लपवू शकतो, पण तो लिहिणारा बोटावरचा ताबा तुमच्याच हातात असतो. खेळावर टीका जरूर करा. "डिफेन्स खूप मागे गेला" ही टीका आहे. आई-बहिणीवरून, जातीधर्मावरून लिहिणं ही टीका नाही, आणि 'मी रागात होतो' हे पोलिसांसमोर कारण म्हणून चालत नाही.

मग करायचं काय?

फिफा वर्ल्ड कप २०२६ चं वेळापत्रक ११ जून ते १९ जुलै असं आहे. ४८ टीम, १०४ मॅचेस, त्यातल्या बऱ्याच आपल्याकडे रात्री उशिरा किंवा पहाटे. कुणाची ना कुणाची टीम शेवटच्या मिनिटात कोसळणारच. सेटिंग्ज आधीच करून ठेवा:

१. मॅच सुरू होण्याआधी स्कोअर ॲपची नोटिफिकेशन्स बंद करा. स्ट्रीम बघताय तर स्कोअर स्क्रीनवर आहेच.

२. मॅचचा व्हॉट्सॲप ग्रुप ८ तासांसाठी म्यूट करा. नोटिफिकेशन वर टपकणार नाही, आणि ग्रुप सोडल्याचा बोभाटाही होणार नाही.

३. एक्सवर टीमचं आणि खेळाडूंचं नाव म्यूट शब्दांत टाका. २४ तास किंवा ७ दिवस असा पर्याय मिळतो, नंतर ते आपोआप निघतं.

४. गोल परत बघायचेच असतील तर यूट्यूबची वॉच हिस्टरी पॉज करून बघा. त्या क्लिप्सवरून पुढच्या शिफारशी बनणार नाहीत.

५. रील्समध्ये त्याच मॅचची क्लिप आली की 'नॉट इंटरेस्टेड' दाबा. नुसतं पुढे ढकलण्यापेक्षा हा इशारा सिस्टिमला जास्त स्पष्ट कळतो.

६. खेळाडूबद्दल काही लिहायचं असेल तर नोट्स ॲपमध्ये लिहा आणि सकाळी वाचा. त्यानंतरही पोस्ट करण्यासारखं वाटलं तर करा.

आणि एखाद्या मित्राची टीम अशी हरली, तर त्याला मीम पाठवायच्या आधी एक फोन करा. रूमवर एकटा बसलेला असेल.

फातोर्ड्याच्या त्या रात्रीनंतर कोच मानोलो मार्केझ गोव्यातच राहिले. ३ मे २०२५ ला भुवनेश्वरमध्ये त्यांच्या एफसी गोवाने जमशेदपूरला ३-० ने हरवून सुपर कप जिंकला. या वेळी शेवटची मिनिटं गोव्याच्या फॅन्सनी निवांत बघितली असतील. त्या मॅचच्या क्लिप्सही यूट्यूबवर आहेत. हिस्टरी चालू ठेवून बघा.